निळी फाया

२ फेब्रुवारी

उस्त्यानं आज दोन वह्या आणून दिल्या. एक प्रदर्शनासाठी. तिच्यात मी जुन्या आठवणी लिहायच्या आणि त्या मोठ्या अक्षरांत छापून भिंतीवर लावणार. दुसरी का, तर एकीवर एक फुकट मिळाली म्हणून. तेव्हा ही दुसरी माझी. भिंतीवर लावण्यासारखं नसेल ते सगळं इथे.

भिंतीच्या वहीत पहिलं वाक्य लिहिलं: ‘मी वेनिअमिन सावेल्येविच प्रोस्कूरिन. रीबिन्स्कच्या झार्या सिनेमागृहाची पोस्टरं मी सिनेमागृह बंद पडेपर्यंत हातानं रंगवली.’ पुढे सुचेना. खरं सांगायचं तर ते वाक्य म्हणजे माझं अख्खं आयुष्य, त्यात आणखी काय भर घालणार!

झार्या आता पोरांनी घेतलंय. ‘कलाकेंद्र’ म्हणतात. आत जाऊन बघितलं तर मला हसावं की रडावं कळेना. आमच्या आजीच्या भिंतीवर होता तसला हरणांचा गालिचा तिकीटखिडकीवर टांगलाय. जुन्या टायरांचे कापून केलेले हंस, जे आम्ही अंगणात फुलझाडांना कुंपण म्हणून ठेवायचो, ते काचेच्या पेटीत! आणि ही उस्त्या, प्रदर्शन भरवणारी, डोक्याची एक बाजू भादरलेली, पायात फेल्टचे बूट, हातात जाळीची पिशवी. त्या पिशवीतून आम्ही बटाटे आणायचो. ती म्हणते, ही आता मॉस्कोत मोठी फॅशन आहे. असेल बाई. आम्ही आयुष्यभर फॅशनमध्ये होतो, कुणी सांगितलंच नाही.

तिला माझी जुनी पोस्टरं हवी होती. म्हटलं, एकही नाही. तिला वाटलं मी लपवतोय.

९ फेब्रुवारी

उस्त्याला शेवटी समजावलं. आमच्याकडे कापड मोजकंच. भुकटीचा रंग उकळत्या सरसात कालवायचा, त्या वासानं शेजारी शिव्या द्यायचे, आणि त्यानं चित्र काढायचं. आठवडाभर ते सिनेमाच्या माथ्यावर लटकायचं. सिनेमा उतरला की मी आणि फाया ते मागच्या अंगणात नेऊन गरम पाण्यानं, ब्रशानं खसाखसा धुवायचो. दोन टोकं दोघांच्या हातात. वाळलं की त्याच कापडावर पुढचा सिनेमा. फाया म्हणजे फाइना, माझी बायको, झार्याची तिकीटवाली.

‘म्हणजे सगळं धुऊन गेलं?’ उस्त्या म्हणाली. पोरीच्या डोळ्यांत पाणी. मला आश्चर्य वाटलं. आम्हाला कधी रडू आलं नव्हतं. भांडी घासताना रडतं का कुणी?

मग तीच म्हणाली, आठवून पुन्हा काढा. बारा काढा. एप्रिलअखेर प्रदर्शन. पडद्यामागची माझी जुनी खोली रिकामी करून दिलीय. मी आढेवेढे घेतले, पण मनातून कधीच ‘हो’ म्हणून बसलो होतो. माझं काम पहिल्यांदाच धुतलं जाणार नाही.

१६ फेब्रुवारी

हात विसरलेला नाही. गुडघे विसरलेत.

आज ते हिंदुस्थानी सिनेमाचं पोस्टर काढलं. भिंतीच्या वहीत हा किस्सा नक्की लिहायचा. पोस्टर रंगवायचो तेव्हा सिनेमाची रिळं आलेली नसायची. यायचा फक्त काडेपेटीएवढा एक काळापांढरा फोटो आणि सिनेमाचं नाव. बाकी सगळं आपण अंदाजानं ठोकून द्यायचं. त्या फोटोत नायिका पाठमोरी होती. मी तिला हिरवी साडी नेसवली. सिनेमात निघाली लाल. बायका खेळ सुटल्यावर तिकीटखिडकीपाशी भांडायला आल्या, हिरव्या साडीतलं गाणं कापलंत म्हणून. फाया शांतपणे म्हणाली, उद्याच्या खेळात असेल, पुन्हा या. आणि आल्या की बायका!

आणि नायिका पाठमोरी, तर चेहरा कुणाचा काढायचा? समोर तिकीटखिडकीत फाया बसलेली. काढला तिचा. तेव्हापासून सवयच लागली. फ्रान्सची उमरावीण फाया, जंगलात लढणारी फाया, गावची शाळामास्तरीण फाया. गावात म्हणायचे, हिला सिनेमात काम करून तिकिटं विकायला वेळ कधी मिळतो?

खोलीतले दिवे अगदीच मेणचट आहेत. उस्त्याला सांगितलं. तिनं बदलून दिले. तेही तसलेच. पूर्वीचा दिवा लावला की लख्ख व्हायचं.

२३ फेब्रुवारी

बाराव्या पोस्टरचं नक्की केलं. त्यावर सिनेमाचं नावच नाही घालायचं. नुसती फाया.

हे इथेच लिहितो. फायाला फोटो काढून घ्यायचा तिटकारा होता. पासपोर्टवरचा एक आहे, त्यात ती गुन्हेगार दिसते. तिचा खरा चेहरा मी शेकड्यांनी काढला आणि तितक्याच वेळा तिच्यासोबतच धुऊन टाकला. ती गेल्याला सात वर्षं झाली. मी गेलो की तिचा चेहरा कुठेच उरणार नाही. एकदा तरी तो भिंतीवर राहावा. बाकीची अकरा गेली खड्ड्यात, हे एक साधलं पाहिजे.

झान्ना आली होती. माझी मुलगी. व्होल्गापलीकडे राहते, औषधांच्या दुकानात कामाला आहे. दर शनिवारी बस बदलून येते आणि आल्या आल्या धुतलेले कप पुन्हा धुते. स्वच्छ कप! मी म्हटलं, तुझ्या आईलासुद्धा इतकी स्वच्छतेची खोड नव्हती. तिनं पुढचा कप घेतला. तिचं असंच, आली की कामाला लागते.

१ मार्च

रंग बनवणारे आता चोर झालेत. निळा म्हणून जो डबा देतात त्यात निळेपण औषधालासुद्धा नाही. सगळं चहाच्या पाण्यासारखं. दुप्पट घातला, तिप्पट घातला, तेव्हा कुठे आभाळ आभाळासारखं दिसलं. पांढराही तसाच पिवळट. बर्फसुद्धा आता पूर्वीसारखा पडत नाही, पडतानाच मळलेला. माझा जुना दोस्त पान्क्रातोव म्हणतो कारखान्यांमुळे.

उस्त्या येऊन बघत राहिली. ‘वेन्याकाका, किती निळं!’ म्हणाली. आता मला काका म्हणते. मी म्हटलं, कुठे, अजून कमीच आहे. ती हसली आणि फोटो काढत सुटली.

५ मार्च

पान्क्रातोवशी भांडण झालं. झार्यात तो रिळं चालवायचा, मी पोस्टरं रंगवायचो, पन्नास वर्षांची दोस्ती. आज बाराव्या पोस्टरपुढे उभा राहिला आणि म्हणाला, ‘वेन्या, फायाला इतकी थंडी का वाजतेय?’

म्हटलं, म्हणजे काय? तर म्हणतो, ओठ बघ की तिचे. मी म्हटलं, आयुष्यभर अंधाऱ्या खोपट्यात बसलास, तुला रंगातलं काय कळतं? तो टोपी घालून निघून गेला. गेला तर गेला. लोकांना दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही. झान्नाही शनिवारी चित्रापुढे बराच वेळ उभी होती, आणि ‘छान आहे’ एवढंच म्हणाली. नाकातून म्हणाली.

७ मार्च

उद्या बायकांचा सण. फायाच्या थडग्यावर दर वर्षी आदल्या दिवशी पांढरे ट्यूलिप नेतो, गेलेल्यांना देतात तसे सम संख्येत. बाजारात फुलवालीकडे पांढरे मागितले. तिनं पिवळे काढून दिले. म्हटलं, बाई, पिवळी फुलं म्हणजे ताटातूट, ती आधीच झालीय, मला पांढरी दे. म्हणते, ही पांढरीच आहेत, दुधासारखी. मी आवाज चढवला. तिनं माझ्याहून चढवला. मग तिनं रांगेतल्या लोकांना विचारलं. अख्खी रांग म्हणाली, पांढरी. एक शाळकरी पोरगी तर फिदीफिदी हसली.

सगळे मिळालेले असतात. फुलं न घेताच आलो. फायाकडे रिकाम्या हातानं गेलो.

झान्नाला फोनवर सांगितलं, की बघ, जग किती लबाड झालंय. ती म्हणाली, ‘बाबा, सोमवारी मी येते. आपल्याला एकीकडे जायचंय.’

१० मार्च

मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यांत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आजोबा, इतके दिवस तुम्ही बिअरच्या बाटलीतून बघत होता. आधी उजवा करू, मग महिन्या-दीड महिन्यानं डावा.

मी म्हटलं, प्रदर्शन झाल्यावर. झान्ना म्हणाली, आधी. मी म्हटलं, काही बिघडलं तर? ती म्हणाली, ‘बस चुकीची पकडून तुम्ही जानेवारीत मोटारींच्या कारखान्यापाशी पोचला होता. मला पान्क्रातोवकाकांनी सांगितलं. आणखी काय बिघडायचं राहिलंय?’ घरभेदी मेला. हे मी कुणाला सांगणार नव्हतो.

वर मोतीबिंदू आणि निळ्या रंगाचा काही संबंध असतो, असं बाई काहीतरी म्हणत होत्या. घाबरलो होतो, नीट ऐकलं नाही.

२१ मार्च

डोळ्यावर पट्टी. झान्ना लिहिते आहे, मी सांगतोय. दुखत नाही. तिनं कोबी भरलेले पाव आणलेत. लिही, की बरे झालेत. (बाबांनी दोनदा मागून खाल्ले. झा.)

२२ मार्च

पट्टी काढली.

डॉक्टरीणबाईंचा डगला पांढरा होता. पांढरा म्हणजे, मी लहान असताना असायचा तसा पांढरा! खिडकीबाहेर बर्फ. मी त्याच्याकडे बघून रडलो, बाई म्हणाल्या डोळ्याला पाणी लागू देऊ नका. बर्फ कुठे गेलाच नव्हता. दिव्यांचंही तेच, फुलांचंही तेच. इतकी वर्षं मी सगळ्या जगाला शिव्या घालत होतो आणि जग बिचारं जिथल्या तिथे होतं.

डावा डोळा मिटला की नवं जग, उजवा मिटला की जुनं, पिवळं. बसमध्ये घरी येईपर्यंत हाच खेळ. लहान मूल खेळेल तसा. झान्ना शेजारी होती. थकलेली दिसली. केसांत भांगाजवळ पांढरं आहे तिच्या. दुकानात काम फार असेल.

घरी आलो आणि स्वयंपाकघर बघितलं. अरे देवा. कपांच्या आत चहाचे थर. शेगडीकडे तर बघवेना. लगेच कप घासायला लागलो, तर झान्नानं हातातून काढून घेतले. ‘वाकायचं नाही सांगितलंय तुम्हाला.’

२६ मार्च

आज झार्यात गेलो. जाऊ नये असं वाटत होतं, गेलो.

सगळी पोस्टरं निळी आहेत. निळी म्हणजे, शाईची दौत लवंडावी तशी. हिंदुस्थानी नायिकेची हिरवी साडी निळी, घोडे निळे, शाळामास्तरणीचा फळा निळा. आणि फाया! पान्क्रातोव खरं बोलला होता. नदीतून बाहेर काढल्यासारखे ओठ. मी उजवा डोळा मिटला. पिवळ्या डोळ्यानं बघितलं की सगळं जिथल्या तिथे. फाया गोरीगुलाबी, गालावर ऊब. उघडला की पुन्हा मेलेली.

उस्त्याला म्हटलं, सगळी उतरवा. ती घाबरीघुबरी झाली. पत्रिका छापून झाल्यात, त्यावर निळी नायिका आहे, मॉस्कोहून लोक येणार आहेत, त्यांनी लिहिलंयसुद्धा: ‘स्मृतीचा बर्फाळ निळा’. मी म्हटलं, पोरी, स्मृती कसली, मोतीबिंदू आहे तो!

तिला वाटलं मी विनोद करतोय. मग तिला कळलं, आणि ती फरशीवर माझ्या पायाशी बसली. म्हणाली, ‘वेन्याकाका, हे आणखीच चांगलं आहे. असं तुमच्याशिवाय कुणी बघितलेलंच नाही.’

घरी येऊन विचार केला. अकरा राहू देत. पूर्वीसुद्धा नायिकेला नको ती साडी नेसवत होतो, कोण मेलं त्यानं? पण फायाला तशी ठेवणार नाही. लोकांसमोर गारठलेली.

पान्क्रातोवला फोन केला. तो म्हणाला, ‘काय रे, दिसायला लागलं?’ माफी मागायची माझी वेळच आली नाही, तो माशांच्या गप्पा मारायला लागला.

३ एप्रिल

फायाला धुतलं. मला वाकायला बंदी, म्हणून बादल्या झान्नानं आणल्या. दुकानातून सुट्टी काढून आली होती. अंगणात अजून चिखल आणि बर्फाची ढेपळं. एक टोक तिच्या हातात, एक माझ्या. निळं पाणी गटाराकडे निघालं. मी तिला सांगत होतो, तुझी आई टोक असं नाही धरायची, कोपरानं दाबून धरायची. ती म्हणाली, मला माहितेय, मी इथेच तर असायचे, त्या पायरीवर. असेल. लक्षात नाही माझ्या.

८ एप्रिल

जमत नाही.

नाक जमतं, हनुवटी जमते. वर्षानुवर्षं काढलीय, हात आपोआप जातो. पण गालाचा रंग? शपथेवर सांगतो, मला ठाऊक नाही. डोळे मिटून फायाला आठवलं की ती पिवळ्या उजेडात येते. ही कुठल्या डोळ्यानं बघितलेली फाया? तरुणपणीच्या की बिअरच्या बाटलीच्या? नवा डोळा उघडला आणि जुनी फाया त्याला ओळखू येईना. दोनदा काढली, दोनदा पुसली. कुणीतरी बाई होते, फाया होत नाही. तीही गेली तर माझ्याकडे काय उरलं? आज फार एकटं वाटलं.

१२ एप्रिल

झान्ना आली. माझं तोंड बघितलं आणि बटाटे घेऊन रंगांच्या खोलीतच सोलायला बसली, खिडकीपाशी, कारण मी म्हटलं मला जेवायला घरी यायला वेळ नाही. शेपूची जुडी मांडीवर. बाहेर ऊन पडलं होतं आणि ते तिच्या गालावर आलं.

आणि मला रंग दिसला. तोच! थोडा गुलाबी, त्याखाली किंचित हिरवा, कानाजवळ पिवळसर. म्हटलं, हलू नकोस. नुसता उजेडापुरता गाल बघतो. तिनं मान तशीच ठेवली आणि बटाटा हातात धरून बसली. संध्याकाळपर्यंत. आईच्या गोष्टी सांगत होती. आईनं तिला एकदा तिकीटखिडकीत झोपवलं होतं आणि लोकांना वाटलं लहान मुलांची तिकिटं विकायला मूलच बसवलंय. मी हे विसरलो होतो.

१३ एप्रिल

झान्ना राहिली. पुन्हा बसली. काम सुसाट. भुवया, डोळे, कपाळावरची ती बारीक आठी. इतकी हातात आलेली फाया मला कधीच सापडली नव्हती. झान्ना म्हणाली, बघू? म्हटलं, उद्घाटनाला बघ. शेवटच्या बसनं गेली.

नवा डोळा म्हणजे देणगी आहे. फाया परत मिळाली.

२५ एप्रिल

आज उद्घाटन. आत्ताच घरी आलो, झान्ना चहा करतेय, तेवढ्यात लिहितो.

गर्दी मरणाची. एक मुलांची टोळी जुन्या कारखान्यातल्या भोंग्यासारखं काहीतरी वाजवत होती. अंगरखे विकत होते, त्यांवर टायरचा हंस. मॉस्कोचे लोक निळ्या घोड्यापुढे हात बांधून उभे. गावातल्या म्हाताऱ्या हिरव्या साडीला निळी बघून वाद घालत होत्या, की साडी तेव्हाही निळीच होती. घाला वाद!

बाराव्यापुढे गेलो. खाली उस्त्यानं माझ्या सांगण्यावरून पाटी लावली होती: ‘फाइना’. तिथे दोन-तीन जुनी माणसं होती. ‘फाया, तिकीटखिडकीवाली!’ म्हणत होती. मला वाटलं, झालं, भरून पावलो. पान्क्रातोवनं टोपी काढली. चित्राकडे बघितलं. मग मागे वळून झान्नाकडे बघितलं. पुन्हा चित्राकडे. आणि मला न भेटताच तिकडे खाण्याच्या टेबलाकडे गेला.

झान्ना माझ्या बाजूला आली. माझा दंड धरला आणि अगदी हळू म्हणाली, ‘बाबा, आईचे डोळे करडे होते.’

मी म्हटलं, हो मग?

‘हे तपकिरी आहेत. तुमच्यावर गेलेले. ही आई नाही बाबा.’ आणि लगेच, जणू काही माझा कप फुटलाय आणि तिनं तुकडे उचलायचेत, ‘असू दे, कुणाला कळत नाही. छान झालंय.’

मी बघितलं. दोन्ही डोळ्यांनी बघितलं, एकेकानं बघितलं. पिवळ्यानं झान्ना, पांढऱ्यानं झान्ना. कपाळावरची आठी तिची, थकलेली मान तिची, हातातला बटाटा तेवढा नाही. मी फायाला शोधत होतो आणि जी समोर होती ती काढत होतो. फायाचा चेहरा आता कुठेच नाही, माझ्याकडेही नाही. ती खरोखर गेली, हे आज कळलं, सात वर्षांनी, टायरच्या हंसाशेजारी उभं राहून.

झान्ना चित्राकडे बघत होती. घरात इतका रंग, गावभर इतक्या नायिका, आणि या मुलीला मी एकदाही काढलं नव्हतं. तिनं कधी मागितलं असेल का, तेही मला आठवेना. तिच्या डोळ्यांत पाणी होतं पण ती रडत नव्हती, तिला लपवायची सवय आहे. मला ते आत्ता दिसायला लागलंय.

उस्त्याकडून पेन मागितलं. पाटीवरचं ‘फाइना’ खोडलं. अक्षर माझं अजून चांगलं आहे. लिहिलं: ‘झान्ना वेनिअमिनोव्ना, माझी मुलगी’.

झान्ना म्हणाली, ‘आणि आई?’

मी म्हटलं, ‘तुझ्या आईला मी दर आठवड्याला धुतलं, तिनं कधी तक्रार केली नाही. तू राहा आता.’

तेव्हा ती रडली. सगळ्यांसमोर, नाक ओढत, लहान मुलीसारखी. मी पाठीवर हात ठेवून उभा राहिलो. मॉस्कोचा एक माणूस फोटो काढायला आला, त्याला पान्क्रातोवनं दंडाला धरून बाजूला नेलं.